पापं घेऊन जेवायला घरी येणारा बोकड आणि माझी इतर मालमत्ता

डेल्मर, चष्मा तुझ्या कपाळावर आहे. खाली घे आणि मग वाच. हा कागद माझ्या मरणानंतर वाचायचा आहे हेही तू विसरला असशील. तेव्हा आधी ओसरीवर डोकावून ये. मी तिथे शेंगा सोलत बसलेली दिसले, तर कागदाची घडी घालून होता तिथे ठेव.

मी, खाली फुली करणार आर्व्हिला टकेट, वय एक्क्याऐंशी, कै. हॉयट टकेट यांची बायको, धंदा शिवणकाम आणि देवाच्या जनावरांना चारा घालणे, राहणार गूजबेरी खोरे, ओझार्कचे डोंगर, राज्य आर्कान्सा, हे मृत्युपत्र आज राजीखुशीने सांगते आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. सुईत दोरा अजून मीच ओवते. कोणी दडपण आणलेलं नाही. आणायला आले होते ते माझे ताकात पीठ भिजवून भाजलेले पाव खाऊन परत गेले. मला अक्षर येत नाही. लिहून घेते आहे ती आमच्या पोस्टातली ऑर्फा स्टबलफील्ड. माझं बोलणं सुधारायचं नाही अशी तिला ताकीद आहे, तरी वर तिने ते 'कै.' घुसवलंच.

"आर्व्हिलाकाकू, मृत्युपत्रात 'मेला' असं लिहीत नाहीत. बरं दिसत नाही."

"तो मेला तेव्हा मी तिथेच होते, ऑर्फा. त्यालाही बरं दिसत नव्हतं. पुढे मेलाच लिही."

याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. केलंय असं कुणी म्हणालं, तर तो व्हर्जिल स्टॅम्प्स असेल. त्याचं खाली येईलच.

कलम पहिले. जनावरं, बोकड सोडून.

गोठ्यातली गाढवी, सात मेंढरं, पांढरी कबुतरं आणि त्यांचे पिंजरे मी माझा मुलगा डेल्मर टकेट, आमच्या खोऱ्यातल्या चर्चचा पाळक, याला देते. ही जनावरं साधी नाहीत. त्यांनी या डोंगरात शुभवर्तमान सांगितलं आहे, आणि काही वेळा पाळकापेक्षा बरं सांगितलं आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: डेल्मरच्या आधी माझा नवरा हॉयट पाळक होता. माणूस सोन्यासारखा, पण आवाज असा की पहिलं गाणं झालं की मंडळी बसायची आणि दुसऱ्या वचनाला घोरायची. येशू गाढवावरून यरुशलेमात शिरला त्याची आठवण करतात, त्या झावळ्यांच्या रविवारी एकदा त्याने गाढवी थेट चर्चच्या दारात आणली. त्या दिवशी कुणी झोपलं नाही. तेव्हापासून हॉयटने ठरवून टाकलं की देवाचा निरोप दोन पायांवरून पोचत नसेल तर चार पायांवरून पोचवावा. लोक लांबलांबून गाड्या करून यायला लागले. आमच्या चर्चला नावच पडलं, 'जिवंत पवित्र शास्त्र'.

त्या पहिल्या रविवारी गाढवीवर बसून यरुशलेमात शिरायचा मान चर्चचा कारभारी, डीकन व्हर्जिल स्टॅम्प्सने मागून घेतला. गाढवी दारातच बसली. शास्त्रातल्या बलामाच्या गाढवीला वाटेत देवदूत दिसला म्हणून ती बसली होती. आमचीला देवदूत दिसायची गरज नव्हती, पाठीवर व्हर्जिल होता.

सिंहांच्या गुहेत टाकलेल्या दानिएलाच्या गोष्टीला सिंह मिळेना, म्हणून आमच्या पिवळ्या कुत्र्याला केरसुणीची आयाळ बांधली. दानिएल झाला होता डेल्मर, तेव्हा एवढासा. सिंहाने त्याला खाल्लं नाही हे वचनाप्रमाणेच झालं. पण त्याच्या खिशातला पाव काढून खाल्ला, आणि मग तोंड असं चाटलं की दानिएल गुदगुल्यांनी जमिनीवर लोळायला लागला. मंडळी हसून रडली. डेल्मर, माझ्या मते तू दिलेला सगळ्यात चांगला संदेश तोच.

आणि हरवलेलं मेंढरू. मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरं मागे ठेवून एकाच्या शोधात निघतो. आमच्याकडे होती सात. एक दफनभूमीच्या मागे नेऊन बांधलं. ते ओरडलं मात्र, बाकीची सहा हॉयटच्या आधी तिकडे धावली. हॉयट हातात काठी घेऊन एकटाच व्यासपीठापुढे उभा. मी पहिल्या बाकावरून विचारलं, "आता तुला शोधायला कोण येणार?"  पण ती सहा मेंढरं ध्यानात ठेवा. मला ती पुढे लागणार आहेत.

उंट माझा नाही. डेल्मरने तो एका बंद पडलेल्या सर्कशीकडून आणला. नाताळात बाळ येशूच्या दर्शनाला येणाऱ्या मागी लोकांना आणायला म्हणून आणलेला हा उंट आजवर मागी लोकांवर थुंकण्यापलीकडे काही करत नाही. त्याच्यावर माझ्या इस्टेटीचा कसलाही हक्क नाही, आणि त्याचाही माझ्या इस्टेटीवर नाही.

कलम दुसरे. योना.

योना म्हणजे माझा बोकड. हा पाचवा. आमच्यात योना हे नाव नाही, पद आहे. एक म्हातारा झाला की कोवळा त्याच्या मागे मागे फिरून काम शिकतो. या योनाला डाव्या डोळ्याने दिसत नाही आणि दाढी व्हर्जिलपेक्षा स्वच्छ असते.

पवित्र शास्त्रात, लेवीयाच्या पुस्तकात आहे, की याजकाने बोकडाच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची सारी पापं त्याच्यावर घालावीत आणि त्याला रानात सोडून द्यावं. हॉयटला हे फार आवडलं. काकवीचं गुऱ्हाळ उरकलं की येणारा रविवार त्याने बोकडाचा रविवार ठरवला. जो तो आपल्या अंगावरच्या कापडाची पट्टी फाडून आणतो. तोंडाने काही बोलायचं नाही. पट्टी बोकडाच्या अंगावरच्या पट्ट्याला बांधायची, पाळक डोक्यावर हात ठेवतो, दारं उघडतात आणि बोकडाला टेकडीवरच्या देवदारांत नेऊन सोडतात. मग मागे वळून न बघता गात गात परत यायचं आणि अंगणात पंगतीला बसायचं.

सगळं छान. फक्त बोकडाला संध्याकाळचा खुराक माझ्या मागच्या ओसरीवर मिळतो, हे हॉयटच्या ध्यानात आलं नाही.

पहिल्या वर्षी मंडळी पंगतीत बसली होती. पापं गेली म्हणून हलकं वाटत होतं, हात आखडता नव्हता. आणि टेकडीवरून योना उतरला. साऱ्या खोऱ्याची पापं अंगावर फडफडताहेत, आणि हा रस्त्यात पंगत लागली म्हणून टेबलावर चढला. बटाट्याचं सॅलड खाल्लं. पाळकाच्या ताटातला पाव खाल्ला. व्हर्जिल बाकावर उभा राहून ओरडत होता, "वहिनी, धरा त्याला! माझ्याकडे येतोय!"

"तुमचंच काही असेल त्याच्याकडे," मी म्हटलं. "ओळखून आला असेल."

पुढच्या वर्षापासून तोडगा काढला. मी चर्चला जायचं नाही. मागचं फाटक उघडं टाकून ओसरीवर बसायचं, योना पंगतीकडे वळायच्या आत त्याला पावाचा वास दाखवून घरात घ्यायचं, आणि चिंध्या सोडवून चुलीत घालायच्या. हे काम मला का दिलं? व्हर्जिल म्हणाला, आर्व्हिलावहिनींना अक्षर येत नाही, तेव्हा त्यांना काही कळायचं नाही. चिंध्यांवर अक्षर कुठे असतं हे मी विचारलं नाही. या खोऱ्यातला शर्ट, झगा, एप्रन, कफनसुद्धा माझ्या हाताखालून गेलं आहे. कुणाची कोणती बाही उसवली आणि का उसवली, हे मला नको असलं तरी ठाऊक असतं.

आता गोष्ट अशी. गेल्या वर्षी कोणीतरी शहरी बाई बोकडाच्या मागे मागे माझ्या अंगणात आली आणि तिने फोटो काढला: ओसरीवर योना, अंगावर पापं, तोंडात पाव. तो फोटो वर्तमानपत्रात छापून आला. लोक हसले. डेल्मर माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला, टोपी हातात फिरवत.

"आई, यंदा टीव्हीवाले येणार आहेत. बोकड परत आला तर संदेशाचं काय राहिलं?"

"राहतो की. पाप जेवणाच्या वेळेला घरी येतं. याच्याहून खरं तू कधी बोलला नाहीस."

"थट्टा नको ना. शास्त्रात स्पष्ट लिहिलंय, तो ओसाड रानात जाईल."

"परत येऊ नये असं लिहिलंय?"

टोपी आणखी एकदा फिरली. "डीकनांच्या बैठकीत ठरलंय. ट्रकमध्ये घालून नदीपलीकडे सरकारी जंगलात सोडायचा. तिथून यायचा नाही."

"तिथे कोल्ह्यांच्या टोळ्या आहेत. याला एका बाजूचं दिसत नाही."

"जनावर आहे गं ते, आई."

"साऱ्या मंडळीची पापं उचलतो तेव्हा बरा तो साधं जनावर नसतो."

त्यावर माझा मुलगा, देवाचा सेवक, काय म्हणाला ते ऑर्फाने जसंच्या तसं लिहावं: "बरं, तू आहेस तोवर नाही नेणार."

म्हणजे माझी आणि योनाची जायची सोय एकाच दिवशी लागली. माझी चर्चमधून, त्याची ट्रकमधून. म्हणून हा कागद.

तर माझ्या पश्चात योना माझी मुलगी नेव्हा हिचा. डीकनांचा, पाळकाचा, टीव्हीवाल्यांचा त्याच्यावर हक्क नाही. बोकडाचा रविवार खुशाल करा. पट्ट्या बांधा, हात ठेवा, गा. पण तो पायी जाईल आणि पायी घरी येईल. फाटक उघडं राहील आणि ओसरीवर खुराक असेल. त्याला ट्रकमध्ये चढवलं तर काय होईल ते कलम पाचमध्ये आहे. तिथे हसायला काही नाही.

कलम तिसरे. गोधडी.

चिंध्या मी जाळल्या नाहीत. चांगलं कापड होतं. धुतल्या, इस्त्री केली, धावदोरा घालून जोडत गेले. वर्षाला एक ओळ. ताणायच्या चौकटीवर माझ्या खोलीत ती मोठी गोधडी आहे ना, जिला डेल्मरची बायको ग्लेंडा "किती गं सुरेख रंग" म्हणते आणि हिवाळ्यात मागून नेऊन पाळकाच्या पलंगावर घालते, तीच. डेल्मर, तुला इतकी वर्षं रात्री ऊब कशाची येते, ते आता कळलं.

ही गोधडी वाचायला अक्षर लागत नाही. मी सांगते काय दिसतं. पट्टी स्वतःच्या अंगावरच्या कापडाची हवी, असा नियम. पण नवऱ्यांच्या हातच्या पट्ट्या बायकांच्या एप्रनच्या आहेत. बायकांच्या पट्ट्या नवऱ्यांच्या शर्टाच्या. सासूने सुनेची उशी फाडली आहे. एका बहाद्दराने शेजाऱ्याच्या दोरीवरचा टॉवेल कापला आहे. व्हर्जिल स्टॅम्प्सने दरवर्षी, एकही वर्ष न चुकता, बायकोच्या एप्रनची पट्टी बांधली. बिचारी मेली तेव्हा तिच्या एप्रनला फक्त नाड्या उरल्या होत्या. स्वतःच्या पँटची पट्टी त्याने कधी दिली नाही. सारं खोरं दरवर्षी मोठ्या भक्तिभावाने एकमेकांची पापं धुतं, असं एकंदर दिसतं.

ऑर्फा लिहायची थांबली आहे. घाबरू नकोस ग. तुझी पट्टी तुझ्याच पेटीकोटची होती. दोनदा.

गोधडीचा मधला भाग निळा आहे, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा. तो वेगळा सांगायला हवा.

कलम चौथे. नेव्हा.

नेव्हा माझी धाकटी. उशिरा झाली, सगळ्यांची लाडकी. निळा ठिपक्यांचा झगा मी तिला बाप्तिस्म्याला शिवला होता, मग शिवण सोडत सोडत वाढवत नेला. कॉयरमध्ये तोच घालून गायची. कॉयरचे कपडे चर्चच्या कपाटात टांगलेले असायचे.

हॉयट मेला त्याच्या पुढच्या वर्षी डेल्मर पाळक झाला. त्या शरदात नेव्हाचं पोट दिसायला लागलं. त्यामागे व्हर्जिलचा मुलगा होता हे कोंबड्यांनासुद्धा माहीत होतं. त्याला मंडळीने शहरात शिकायला पाठवलं, जाताना केक कापला. हिला कॉयरमधून काढून शेवटच्या बाकावर बसवलं.

बोकडाच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे घरी, ओसरीवर. आत काय झालं ते मला मागाहून ऑर्फाने सांगितलं, आणि आता ती मान खाली घालून तेच लिहिते आहे. व्हर्जिल उठला आणि म्हणाला, "यंदा खोऱ्यात पाप एकच आहे. आपापले कपडे कशाला फाडायचे?" कपाटातून तो निळा झगा काढला. कात्री बाकाबाकावरून फिरली. ज्याने त्याने एक पट्टी कापली. नेव्हा मागे बसून बघत होती. मग उठली आणि सरळ मोटाररस्त्याला लागून बसमध्ये बसली. पंगतीचं ताटसुद्धा तिने घेतलं नाही.

मी फाटकापाशी उभी होते. टेकडीवरून योना आला, नखशिखान्त निळा. तो कोणाचा झगा आहे ते कळायला मला जवळ जावं लागलं नाही. फाटक तसंच उघडं ठेवलं, म्हटलं मागून ती येईल. बोकड आला. सगळी पापं आली. पोरगी आली नाही.

एक मेंढरू ओरडलं तर सहा धावली होती, डेल्मर. मेंढरं होती ती. मंडळी मात्र पंगतीला बसली, आणि कोंबडी फार छान झाली होती असं मी नंतर पुष्कळांकडून ऐकलं.

तुझे हात त्या दिवशी बोकडाच्या डोक्यावर होते. मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "आई, मला ते नीटसं आठवत नाही." ठीक आहे. तू विसराळू, घरची किल्ली विसरतोस, प्रवचनाचा तिसरा मुद्दा विसरतोस, दर वसंतात मी दोन दिवस दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगते आणि माझ्या तोंडात एकही दात नाही हे विसरतोस. मी टल्सा शहरात नेव्हाकडे जाते. तिची मुलगी आता नर्स आहे. कपाळ हॉयटआजोबांसारखं आणि आवाज, देवाच्या कृपेने, आईचा.

नेव्हाला मी दरवेळी म्हणते, चल घरी. ती दरवेळी म्हणते, "आई, तू एकटी बोलावतेस म्हणून नाही यायची. ज्यांनी घालवलं त्यांनी मला नावाने हाक मारायला हवी. मोठ्याने. मी मागच्या बाकावर बसून ऐकलं होतं, आता त्यांनी ऐकावं."

माझ्या हयातीत ती हाक कुणाच्या तोंडून निघाली नाही. म्हणून माझ्या मरणाला कामाला लावते आहे.

निळ्या पट्ट्या मी सगळ्या जोडल्या. झगा पुन्हा झगा झाला आहे, गोधडीच्या मधोमध, बाह्यांसकट. एक पट्टी कमी पडते, डाव्या बाहीची. तेवढी जागा मोकळी ठेवली आहे. वर्षानुवर्षं वाटलं, बोकडाने वाटेत खाल्ली असेल. मग एकदा, डेल्मर, तू माझ्या टेबलावर तुझं बायबल विसरून गेलास. पट्टी आत आहे. पानांत दाबून दाबून तिचे ठिपके पिवळे पडलेत. मला अक्षर येत नाही, पण पुस्तक कुठे उघडून उघडून ढिलं झालंय ते बोटांना कळतं.

तेव्हा मला हे 'आठवत नाही' परत सांगायला येऊ नकोस. आता तसाही येणार नाहीस म्हणा.

कलम पाचवे. जमीन.

घर, मागचं अंगण, गोठा, फाटक आणि शिलाई मशीन नेव्हाला. यावर डेल्मरने हक्क सांगू नये. त्याला चर्चने घर दिलं आहे, आणि उंट आहे.

आता चर्चच्या जमिनीबद्दल. चर्च, अंगण, दफनभूमी आणि टेकडीकडे जाणारी वाट माझ्या बापाच्या जमिनीवर आहे. त्याने तोंडी "बांधा" म्हटलं, आणि कुणी कागद केला नाही. मंडळीला हे ठाऊक आहे, म्हणून तर व्हर्जिल दर नाताळाला हॅम घेऊन येतो आणि माझी तब्येत विचारतो. ती जमीन मी दोन अटींवर मंडळीला देते.

पहिली अट. माझ्या दफनानंतरच्या पहिल्या रविवारी डेल्मरने व्यासपीठावरून माझ्या मुलीचं पूर्ण नाव मोठ्याने घेऊन तिला घरी बोलवावं. "हरवलेलं मेंढरू" वगैरे नाही. ती हरवली नव्हती, तुम्हाला टल्साचा रस्ता ठाऊक आहे. "आम्ही तुला घालवलं, आता ये" एवढं म्हणायचं. मंडळीने उभं राहून ऐकायचं. बसून ऐकायची सवय फार आहे तुम्हाला. त्या दिवशी गोधडी व्यासपीठावर पसरावी, ज्याने त्याने आपापली ओळ बघावी, आणि मग ती नेव्हाला द्यावी.

दुसरी अट. योना म्हातारपणाने मरेपर्यंत जगावा. कोणी चुकून ट्रकचा दरवाजा उघडला, कोणी चुकून नदीपलीकडे गेला, अशी चुकूनची कारणं ऐकली जाणार नाहीत.

दोहोंतली एक अट मोडली तरी सारी जमीन नेव्हाची. मग तिने ठरवावं, चर्च ठेवायचं की हलवायचं. ते हलवायची वेळ आली तर उंट वापरा. त्याला काहीतरी काम मिळेल.

कलम सहावे. किरकोळ.

बँकेत जे असेल ते नेव्हाच्या मुलीला, बूट घेण्यासाठी. नर्सला उभं राहावं लागतं.

ग्लेंडाला माझे पडदे. ती माझ्या मागे त्यांना जुनाट म्हणते, तेव्हा ते तिच्याच खिडकीला शोभतील.

ऑर्फा स्टबलफील्डला काही नाही. साक्षीदाराला काही ठेवलं तर कागद डळमळतो म्हणतात. मघापासून ती काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांकडे बघते आहे, त्या तिने मी जिवंत असतानाच, म्हणजे आज जाताना, घेऊन जाव्यात.

व्हर्जिल स्टॅम्प्सला एक पँट. त्याच्या मापाची, नवी, चांगल्या खाकी कापडाची. उजव्या पायाची शिवण मुद्दाम कच्ची घातली आहे. पट्टी फाडायला जोर लागणार नाही. येत्या बोकडाच्या रविवारी त्याने ती अंगात घालावी आणि तिचीच पट्टी बांधावी. योनाला ती ओळखता येईल. मी ती त्याला हुंगवून ठेवली आहे.

कलम सातवे. माझं दफन.

साधी पेटी. हॉयटच्या शेजारी, पण त्याच्या घोरण्याच्या उलट बाजूला. कबुतरं सोडायची नाहीत. मागच्या वेळी पवित्र आत्मा म्हणून सोडलेलं कबुतर व्हर्जिलच्या डोक्यावर बसून राहिलं आणि लोकांचा गैरसमज झाला. मेंढरं आली तर येऊ द्या. उंटाला दूर बांधा. प्रवचन डेल्मरने करावं, आणि पहिल्यांदा आयुष्यात एकच मुद्दा घ्यावा.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी डेल्मरने करावी. होय, त्यानेच. दुसरा कोणी मिळाला नाही म्हणून नाही. लहानपणी सिंहाच्या गळ्यात हात घालून लोळला होता तो अजून कुठेतरी आत असेल, असं मला वाटतं, आणि एक्क्याऐंशी वर्षांत माझं फार वेळा चुकलेलं नाही.

वरील सर्व मजकूर ऑर्फाने मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी ती नुसती पुटपुटली, तिथे मी तिला परत वाचायला लावलं. मजकूर माझाच आहे. मी दोघा साक्षीदारांसमोर माझी फुली करते. ती थोडी वाकडी आली आहे, कारण योना कोपराला ढुशी देत होता.

× आर्व्हिला टकेट (निशाणी)

साक्षीदार:
ऑर्फा स्टबलफील्ड, पोस्टमास्तरीण. निशाणीशेजारचं नाव मी लिहिलं आहे. दोनदाच, आणि दोन्ही वेळा पेटीकोट माझाच होता.
क्लीटस मॅब्री, जनावरांच्या खाद्याचं दुकान. आजी म्हणते ते ऐकलं. बोकडाला मका उधार मिळेल.

गूजबेरी खोरे, आर्कान्सा. १४ ऑक्टोबर १९८६.

सही झाल्यावर आठवलं ते: डेल्मर, रविवारी हाक मारलीस की सोमवारी ट्रक काढ. बोकडासाठी ठरवला होतास तोच. टल्साला तू स्वतः जा. टपालाने नाही, ग्लेंडाला पाठवून नाही. बायबलमधली ती पट्टी काढून खिशात घे. निघताना मागचं फाटक लावायचं विसर, तुला जमतं ते. आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस. माझ्या दफनाला बायका जे आणतील त्यातलं काही नेऊ नकोस, त्यांच्या हातचं तिला आत्ताच नको. त्या दिवशी पंगतीत तिचं ताट राहिलं होतं, ते घेऊन जा: तळलेल्या कोंबडीची मांडी, शेंगा, मक्याच्या पावाचा कडेचा तुकडा, वाळल्या सफरचंदांच्या दोन करंज्या, आणि यंदाच्या काकवीची बाटली. ताकातले पाव ओसरीवर योनासाठी ठेवून मग निघ, पण त्यातले दोन फडक्यात बांधून तिच्यासाठी घे.